चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांची बाटली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकतीच ‘झटपट तेरियाकी चिकन’ या जपानी पदार्थाची पाककृती छापून आली, ती वाचून हे पत्र लिहीत आहे. पुरवणी आमच्या घरी आवडीने वाचली जाते आणि परदेशी पदार्थांची मराठीतून ओळख करून देण्याचा आपला प्रयत्न स्तुत्यच आहे. मात्र त्या पाककृतीत चिकन दोन तास मुरवत ठेवावे, तयार तेरियाकी सॉसची बाटली आणावी, त्यात मध आणि टोमॅटो केचप मिसळावे, ढोबळी मिरची व कांदा परतून घालावा आणि शेवटी पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लोअर ओतून सगळे दाट करावे, असे सांगितले होते. एवढे सोपस्कार केल्यावर जे तयार होईल ते चवीला वाईट लागणार नाही, हे मान्य. पण ते झटपटही नाही आणि तेरियाकीही नाही. शिवाय आयात केलेल्या सॉसच्या एका बाटलीला चिकनपेक्षा जास्त पैसे जातात, म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण अक्षरशः खरी करण्यासारखे आहे.

नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे टोकियोच्या निशिकासाई भागात राहत होतो. तिथे भारतीयांची, त्यातही मराठी मंडळींची वस्ती बरीच आहे आणि कामावरून उशिरा परतणाऱ्या एकट्या माणसाला रोज भाजी-पोळीचा घाट घालणे शक्य होत नाही. अशा वेळी तेरियाकी चिकन हा जेवणाचा मोठा आधार असतो, कारण कोंबडीचे मांस सोडले तर त्याला लागतात चारच गोष्टी: सोया सॉस, तांदळापासून केलेली मिरिन नावाची गोड मद्यार्कयुक्त पाकासारखी वस्तू, साके हे तांदळाचे जपानी मद्य आणि साखर. जपानी घरांत तयार तेरियाकी सॉसची बाटली नसतेच असे मी म्हणणार नाही, दुकानांत ती मिळते. पण ज्या घरात सोया सॉस आणि मिरिन रोजच्या स्वयंपाकासाठी हाताशी असतात, तिथे ती वेगळी विकत घेण्याचे कारण उरत नाही. तव्यावर चिकन ठेवल्यापासून ताटात वाढेपर्यंत पंधरा मिनिटे पुरतात, आणि तेवढ्या वेळात बाजूला भात शिजून होतो.

मग बाटली, मुरवणे आणि कॉर्नफ्लोअर या तीन गोष्टी आपल्या पाककृतीत आल्या कुठून, याचा थोडा विचार केला तर त्यांचा उगम जपानबाहेर सापडतो. तेरियाकी हा मुळात माशाचा प्रकार. एदो काळापासून (सतरावे ते एकोणिसावे शतक), हिवाळ्यात चरबी धरलेल्या बुरी या माशाचे तुकडे भाजून, वरून सोया सॉस आणि मिरिनचा थर चढवून ते चकचकीत करण्याची रीत तिथे रुळली. सोया सॉसचे मोठे उत्पादन तेव्हा टोकियोजवळच्या नोदा आणि चोशी या गावांत होत असे. जनावरांच्या मांसावर तर इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मू यांनी हुकूम काढून निर्बंध घातले होते, त्या हुकमात गाय, घोडा, कुत्रा आणि माकड यांच्याबरोबर कोंबडीचेही नाव होते. सम्राट मेइजी यांनी १८७२ मध्ये उघडपणे गोमांस खाल्ले आणि तो अडसर अधिकृतरीत्या दूर झाला. कोंबडी मात्र घराघरांतल्या तव्यावर खऱ्या अर्थाने पोहोचली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, ब्रॉयलरचे मांस स्वस्त झाल्यावर.

बाटलीची गोष्ट याहून अलीकडची. नोदा येथील किक्कोमान कंपनीने १९५७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे विक्री कंपनी काढली आणि १९६१ मध्ये अमेरिकी गिऱ्हाइकांसाठी तेरियाकी सॉस बाजारात आणला. अंगणात निखाऱ्यांवर मांस भाजण्याची तिकडे हौस फार, त्यामुळे भाजण्यापूर्वी मांस मुरवण्याचा सॉस म्हणून तो खपला. पुढे १९७६ मध्ये तोशिहिरो कासाहारा यांनी सिअॅटल शहरात तेरियाकीचे उपाहारगृह उघडले, तिथे मिरिनऐवजी सरळ साखर वापरली, आणि भात व कोबीच्या सॅलडबरोबर मिळणारे ते चिकन त्या शहराची ओळख होऊन बसले. हवाई बेटांवर ऊसमळ्यांत मजुरीसाठी गेलेल्या जपानी लोकांच्या वंशजांनी त्यात आले, लसूण, ब्राऊन शुगर, अननस अशी भर घातली. यांत कुणी काही पाप केले असे मला वाटत नाही. माणसे जातात तिथे पदार्थ बदलतात, आणि कासाहारांचे चिकन हा स्वतंत्र आणि उत्तम पदार्थ आहे.

कॉर्नफ्लोअरचा घोळ मात्र आपल्या मुंबईचा. आचारी नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मांचुरियन तयार केले, असे सांगितले जाते. तेव्हापासून सोया सॉस घातलेला कोणताही पदार्थ म्हणजे कालवलेल्या कॉर्नफ्लोअरने दाटवलेली तपकिरी ग्रेव्ही, असे समीकरण आपल्या जिभेवर आणि त्याहून अधिक पाककृती लिहिणाऱ्यांच्या हातात बसले आहे. आपल्या पुरवणीतली पाककृती म्हणजे अमेरिकेतली बाटली आणि मुंबईतले मांचुरियन यांचा संकर आहे. त्या नावाने ती छापली असती तर मी हे पत्र लिहिलेच नसते.

आता मूळ रीत सांगतो, कारण आक्षेप घेऊन थांबणे बरोबर नाही. अर्धा किलो बोनलेस चिकन तिघांना पुरते, पण ते छातीचे नको, मांडीचे हवे. आपल्याकडे बोनलेस मागितले की खाटीक हमखास छातीचे मांस देतो आणि आपणही तेच उंची समजतो. जपानमध्ये उलट आहे, तिथे मांडीचे मांस छातीच्या मांसापेक्षा महाग विकले जाते. मांडीत चरबी आणि संयोजी ऊती जास्त असल्याने ते मिनिटभर जास्त तव्यावर राहिले तरी चिवट होत नाही, आणि घाईच्या स्वयंपाकात अशा क्षमाशील मांसाचे मोल फार. लेगचे बोनलेस काढून द्या, असे स्पष्ट सांगितले तर नेहमीचा दुकानदार नाही म्हणत नाही. मागे गर्दी असेल तर किंचित कुरकुरतो, एवढेच. त्वचेसकट मिळाले तर सोन्याहून पिवळे, पण आपल्याकडे कोंबडी सोलूनच विकण्याची पद्धत असल्याने त्वचा मिळेलच याचा भरवसा नाही.

चिकनचे तुकडे फार बारीक करू नयेत. अख्खी मांडी पसरून, जिथे जाड आहे तिथे सुरीने उथळ छेद देऊन ती सगळीकडे सारख्या जाडीची करावी आणि कापडाने किंवा कागदाने टिपून कोरडी करावी. हे टिपणे फार महत्त्वाचे आहे. ओले मांस तव्यावर टाकले की आधी पाणी उकळत बसते आणि मांस भाजण्याऐवजी वाफवले जाते, त्यामुळे रंगही येत नाही आणि भाजल्याचा खमंगपणाही येत नाही. नळाच्या धारेखाली कच्चे चिकन खळखळून धुण्याची सवय याच कारणाने सोडावी. शिवाय त्या शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर पसरतात, ते वेगळेच.

त्वचा असेल तर ती बाजू खाली करून, मध्यम आचेवर, तेलाचे चार थेंब टाकलेल्या तव्यावर चिकन ठेवावे आणि सहा ते आठ मिनिटे त्याला हात लावू नये. त्वचेतली चरबी वितळून सुटते आणि तीच तळणीचे काम करते. ती जास्त झाली तर कागदाने टिपून घ्यावी, नाहीतर सॉस मांसाला धरत नाही. त्वचा नसेल, आणि आपल्याकडे बहुधा नसेलच, तर चिकनवर कॉर्नफ्लोअर अगदी हलक्या हाताने भुरभुरून जादाचे झटकून टाकावे आणि दोन्ही बाजू चार-चार मिनिटे भाजाव्यात. जपानी गृहिणी हेच बटाट्याच्या स्टार्चने करतात. वाचकांना इथे विरोधाभास वाटेल म्हणून स्पष्ट करतो, की कॉर्नफ्लोअर मांसाच्या पृष्ठभागावर लावले तर त्याचा पातळसा थर भाजला जातो आणि सॉसला धरून ठेवतो. तेच सॉसमध्ये कालवून ओतले तर सॉस दाट दिसतो खरा, पण चव पातळच राहते आणि थंड झाल्यावर त्याची खळ होते. जिन्नस तोच, जागा चुकली की पदार्थ बदलतो.

सॉस सगळ्यात शेवटी घालायचा, आणि इथेच मुरवण्याच्या सल्ल्याशी माझे खरे भांडण आहे. सोया सॉस आणि साखर यांत भिजलेले चिकन तव्यावर टाकले की साखर पहिल्या दोन-तीन मिनिटांतच जळू लागते आणि आतले मांस मात्र कच्चे राहते. मग घाबरून आच कमी करावी लागते, पाणी शिंपडावे लागते, झाकण ठेवावे लागते, आणि शेवटी भाजलेल्या चिकनऐवजी शिजवलेले चिकन ताटात येते. तंदूरसाठी दह्यात मुरवणे ही वेगळी गोष्ट आहे, तिथे दही आणि मसाले आत झिरपावेत अशी अपेक्षा असते. तेरियाकीत चव वरच्या झिलईत असते आणि मांसाची मूळ चव आत तशीच राहावी असे अपेक्षित असते, म्हणून दोन तासच काय, दोन मिनिटेही मुरवण्याची गरज नाही.

अर्धा किलो चिकनसाठी सोया सॉस, मिरिन आणि साके प्रत्येकी दोन मोठे चमचे, म्हणजे प्रत्येकी ३० मिलिलिटर, आणि साखर एक मोठा चमचा, हे जपानी प्रमाण. हे सगळे आधीच वाटीत ढवळून ठेवावे आणि दोन्ही बाजूंनी भाजलेल्या चिकनवर एकदम ओतून आच वाढवावी. सुरुवातीला मोठे, पातळ, पटकन फुटणारे बुडबुडे येतात. दोनेक मिनिटांत पाणी उडाले की बुडबुडे लहान, दाट आणि सावकाश फुटणारे होतात, आणि लाडवांसाठी पाक करणाऱ्या कोणालाही त्यांची चाल ओळखता येईल. या वेळी चमच्याने सॉस सतत चिकनवर घालत राहावे. उलथन्याने तव्यावर रेघ ओढली आणि ती क्षणभर टिकली की गॅस बंद करावा. एकतारी होईपर्यंत थांबू नये, कारण तवा गरम असल्याने सॉस उतरवल्यावरही आटतच राहतो आणि ताटात जाईपर्यंत चिक्कीसारखा कडक व कडवट होतो. चिकन शिजल्याची खात्री हवी असेल तर सर्वांत जाड जागी सुरी खुपसून पाहावी, आत गुलाबी रस दिसता कामा नये. ज्यांच्याकडे स्वयंपाकाचा तापमापक आहे त्यांनी आत ७४ अंश सेल्सिअस झाले की निश्चिंत व्हावे.

जिन्नसांच्या उपलब्धतेचा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मिरिन आपल्याकडे बहुधा आयात केलेलेच मिळते आणि महाग पडते. खऱ्या मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के मद्यार्क असतो, तर दुकानांत मिरिनसारखा म्हणून जो स्वस्त प्रकार असतो त्यात तो एक टक्क्याहून कमी असून बाकी बराचसा साखरेचा पाकच असतो, मग त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही. साके आणि मिरिन दोन्ही वगळून दोन मोठे चमचे सोया सॉस, दोन मोठे चमचे साखर, चार मोठे चमचे पाणी आणि चहाचा एक चमचा आल्याचा रस घेतला तरी काम भागते, शेवटी व्हिनेगरचे दोन-तीन थेंब टाकले तर गोडाला थोडी धार येते. ज्यांना धार्मिक किंवा अन्य कारणाने मद्यार्क चालत नाही त्यांनी हाच मार्ग धरावा, कारण उकळल्याने मद्यार्काचा बराच भाग उडून जातो, पण तो पूर्णपणे जातो असे म्हणणे बरोबर नाही. साखरेऐवजी कोल्हापुरी गूळ घालून पाहिला तर चव अधिक भारदस्त येते, झळाळी मात्र थोडी कमी होते. मला स्वतःला गुळाचे अधिक आवडते. चिंचगुळाच्या आमटीवर वाढलेल्या मराठी माणसाला गोड आणि खारट एकत्र आले म्हणून बिचकण्याचे काही कारण नाही.

सोया सॉसच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. पैसे वाचवायचे असतील तर तेरियाकीच्या बाटलीवर वाचवावेत आणि चांगल्या सोया सॉसवर खर्च करावेत. लेबलावर पाणी, सोयाबीन, गहू आणि मीठ एवढेच लिहिलेले असेल तर तो महिनोन्महिने आंबवून केलेला असण्याची शक्यता जास्त. कॅरॅमलचा रंग आणि हायड्रोलाइज्ड (रासायनिक प्रक्रियेने तोडलेली) प्रथिने यांची नावे वर दिसली तर तो मांचुरियनला चालेल, इथे नाही, कारण चार जिन्नसांच्या पदार्थात एक जिन्नस नकली निघाला तर झाकायला पाचवा नसतो. हळद, गरम मसाला, आले-लसूण पेस्ट यांचा मोहही याच कारणाने टाळावा. तिखटाशिवाय घास उतरत नसेल तर वाढताना वरून भुरभुरावे.

आरोग्याबद्दलही पाककृतीत एक ओळ हवी होती. सोया सॉसमध्ये साधारण १६ टक्के मीठ असते, म्हणजे वर दिलेल्या दोन मोठ्या चमच्यांतूनच पाच ग्रॅमच्या वर मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत सांगितली आहे. तिघांत वाटले गेल्याने ते एकेकाच्या वाट्याला दोन ग्रॅमच्या आत येते, हे खरे; पण आपल्या पाककृतीत सोया सॉस, तयार सॉस आणि केचप यांच्यावर पुन्हा ‘मीठ चवीनुसार’ लिहिलेले होते, ते रक्तदाबाच्या रुग्णांनी विश्वासाने पाळले तर काय होईल? मधुमेह असणाऱ्यांनी साखर निम्मी करावी. सॉस कमी चकचकीत होईल, पदार्थ बिघडणार नाही.

संपादक महोदय, माझी विनंती छोटी आहे. पाककृती छापताना जिन्नसांचे वजन किंवा माप द्यावे, महाग जिन्नसाला घरातला पर्याय सुचवावा आणि आच कधी वाढवायची, कधी बंद करायची याची डोळ्यांना दिसणारी खूण सांगावी. ‘सॉस दाट होईपर्यंत शिजवा’ या वाक्याने नवशिक्याला काहीच कळत नाही, आणि आपली पुरवणी हातात घेऊन पहिल्यांदा ओट्याशी उभे राहणारे तरुण-तरुणी आज पुष्कळ आहेत. पुण्यात तर जपानी भाषा शिकणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. ‘झटपट’ हा शब्द मथळ्यात घालायचा असेल तर तयारीचा आणि मुरवण्याचा वेळ धरून एकूण किती वेळ लागेल, हे आकड्यात द्यावे.

या चिकनसोबत बासमती भात मोकळा पडतो आणि सॉस ताटाच्या तळाशी राहतो. आपल्या मावळातला इंद्रायणी थोडा चिकट असल्याने त्याचा घास सॉसासकट उचलला जातो, म्हणून तोच लावावा. बाजूला केसासारखा बारीक चिरलेला कच्चा कोबी पुरे, त्यावर काही घालण्याची गरज नाही, कारण गोडसर सॉसच्या दोन घासांमधे तो तोंड स्वच्छ करतो. उरलेले चिकन दुसऱ्या दिवशी डब्यात गार खाल्ले तरी चांगले लागते. जपानी डब्यांत ते तसेच दिसते. रात्रभर मात्र ते फ्रीजमध्येच ठेवावे. मांसाहार वर्ज्य असलेल्या दिवशी पनीरचे जाड काप याच रीतीने करता येतात, फक्त पनीर आधी सोनेरी भाजून घ्यावे.

आणि पुरवणीत पुन्हा कधी हा विषय घ्यायचा झाला, तर माशापासून सुरू करावा असे सुचवतो. १ जून ते ३१ जुलै हा मासेमारी बंदीचा काळ सरल्यावर बाजारात ताजी सुरमई येऊ लागली, की बोटभर जाडीचे तुकडे मीठ लावून दहा मिनिटे ठेवावेत, सुटलेले पाणी टिपून टाकावे आणि दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे भाजून त्यावर हाच सॉस अर्ध्या प्रमाणात आटवावा. मासा आधीच खारवलेला असल्याने सोया सॉस चमचाभर पुरतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नियमित वाचक,
कोथरूड, पुणे